डॉ. कमला सोहोनी : इंदूरला जन्मलेल्या जीवरसायनशास्त्रज्ञ



१८ जून २०२३ रोजी संगणक किंवा मोबाइल उघडून गुगलवर काही शोधायला गेलेल्या अनेकांना तेथे एका मराठी बाईंचे चित्र दिसले असेल. त्या दिवशी डॉ. कमला सोहोनी यांची एकशे बारावी जयंती होती. चित्र पाहून काहींनी विचारले, या कोण? प्रश्न रास्तच होता. आम्ही शाळेत शिकत असताना त्यांच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे दुर्गा भागवत यांचे लेखन मराठीच्या पुस्तकातून वाचले, पण कमलाबाईंचे नाव विज्ञानाच्या पुस्तकात आम्हाला कधी भेटले नाही. या दोघी बहिणींचा जन्म इंदूरचा. दुर्गाबाई १९१० सालच्या आणि कमलाबाई १९११ च्या. आपण इंदूरकर अहिल्याबाईंचे नाव घेतो, होळकरांच्या दरबाराने आश्रय दिलेल्या गायकांचे नाव घेतो, सी. के. नायडूंचे नाव घेतो, आणि ते घ्यायलाच हवे. त्या यादीत हे एक नाव राहून गेले आहे. यंदाच्या अंकात त्यांच्याविषयी लिहायचे आम्ही ठरवले ते त्यासाठी.

कमलाबाईंचे माहेरचे आडनाव भागवत. वडील नारायणराव भागवत रसायनशास्त्रज्ञ होते आणि काका माधवराव हेही रसायनशास्त्रज्ञच. जमशेटजी टाटा यांच्या देणगीतून बंगळूरला १९०९ साली विज्ञान संस्था स्थापन झाली आणि १९११ मध्ये तेथे विद्यार्थी घेण्यास सुरुवात झाली. त्या संस्थेत अगदी सुरुवातीच्या काळात शिकून बाहेर पडलेल्यांमध्ये हे दोघे भाऊ होते. घरात रसायनशास्त्र असे दोन्ही बाजूंनी बोलले जात होते. वडिलांनी मुलीला या विषयापासून दूर ठेवले नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या मध्यमवर्गीय मराठी घराचा विचार केला तर ही साधी गोष्ट नव्हती.

कमलाबाईंचे पदवीपर्यंतचे शिक्षण मुंबई विद्यापीठात झाले. रसायनशास्त्र हा मुख्य आणि भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय घेऊन १९३३ साली त्या बी.एस्सी. झाल्या. गुण उत्तम होते. पुढे कोठे जायचे याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. वडील आणि काका जेथे शिकले त्या बंगळूरच्या संस्थेत जायचे आणि संशोधन करायचे. त्यांनी अर्ज केला. तो नाकारला गेला.

त्याच वर्षी सर चंद्रशेखर वेंकट रामन त्या संस्थेचे संचालक झाले होते. संस्थेचे ते पहिले भारतीय संचालक. तीन वर्षांपूर्वी, १९३० साली, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते आणि साऱ्या देशाला त्यांचा अभिमान होता. अर्ज नाकारण्याचे कारण गुणांचे नव्हते, विषयाचे नव्हते, जागा शिल्लक नसल्याचेही नव्हते. अर्जदार स्त्री आहे एवढेच कारण होते. रामन यांची थोरवी आम्ही कमी लेखत नाही. दरवर्षी २८ फेब्रुवारीला आपण त्यांच्या शोधाच्या स्मरणार्थ विज्ञान दिन साजरा करतो आणि पुढेही करू. पण थोर माणसाची चूक त्याच्या थोरवीखाली झाकून ठेवावी असे आम्हाला वाटत नाही. कमलाबाईंच्या बाबतीत रामन चुकले.

बावीस वर्षांच्या कमलाबाई बंगळूरला गेल्या आणि नकाराचे कारण मान्य करायला त्यांनी नकार दिला. गांधीजींच्या विचारांचा प्रभाव त्या काळातल्या सगळ्याच तरुण मुलामुलींवर होता. कमलाबाईंनी संचालकांच्या कार्यालयासमोर सत्याग्रह केला. शेवटी रामन यांना प्रवेश द्यावा लागला, पण तो अटींसह. पहिले वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी समजल्या जाणार नाहीत, कामाचा दर्जा पाहून मगच ठरवले जाईल. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, प्रसंगी रात्री उशिरापर्यंत, काम करावे लागेल. आणि त्यांच्या असण्याने प्रयोगशाळेतले वातावरण बिघडता कामा नये.

ही तिसरी अट पुन्हा वाचावी. बाकीच्या दोन अटी कडक असल्या तरी कामाशी संबंधित आहेत, आणि एखाद्या होतकरू मुलालाही त्या घातल्या गेल्या असत्या असे म्हणता येईल. तिसरी अट मात्र फक्त स्त्रीलाच घालता येते. कमलाबाईंनी तिन्ही अटी मान्य केल्या, कारण त्यांना काम करायचे होते. पण तो अपमान त्या विसरल्या नाहीत. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांतही, सत्काराच्या प्रसंगी, त्यांनी तो स्पष्ट शब्दांत बोलून दाखवला. इतक्या वर्षांनी जुने उगाळत कशाला बसायचे, असे कोणाला वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. त्या गप्प राहिल्या असत्या तर आज आपल्याला हे कळलेच नसते.

बंगळूरला त्यांना श्री. श्रीनिवासय्या हे मार्गदर्शक लाभले. शिस्तीला कडक आणि शिकवायला उदार अशी ही व्यक्ती. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, कडधान्ये आणि डाळी यांतील प्रथिनांवर काम सुरू केले. हा विषय काय आहे हे आमच्या अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना समजण्यासारखे आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो.

एखाद्या धान्यात प्रथिने किती आहेत हे मोजायचे झाले तर रसायनशास्त्रज्ञ बहुधा प्रथिने मोजत नाहीत, नत्र म्हणजे नायट्रोजन मोजतात. डेन्मार्कच्या जेल्डाल यांनी १८८३ साली शोधून काढलेली ही पद्धत आजही वापरात आहे. पदार्थ तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळायचा, त्यातल्या नत्राचे अमोनियम संयुग करायचे, मग अमोनिया वेगळा काढून तो अनुमापनाने मोजायचा. प्रथिनांत साधारण १६ टक्के नत्र असतो, म्हणून आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणले की प्रथिनांचा अंदाज मिळतो. पण यात एक गोम आहे. पदार्थातला सगळाच नत्र प्रथिनांतून येतो असे नाही. काही नत्र सुट्या अमिनो आम्लांत असतो, काही इतर लहान रेणूंत असतो. तोही प्रथिन म्हणून मोजला गेला तर कागदावर डाळ जास्त पौष्टिक दिसते. मग डाळींमधला हा प्रथिनाबाहेरचा नत्र किती आणि कोणत्या रूपात? कमला भागवत आणि श्रीनिवासय्या यांनी नेमका हाच प्रश्न घेतला, आणि १९३५ साली इंग्लंडच्या बायोकेमिकल जर्नलमध्ये त्यांचा या विषयावरील निबंध प्रसिद्ध झाला.

हे फार तांत्रिक वाटत असेल तर २००८ सालची चीनमधली घटना आठवावी. तेथे पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन नावाचे नत्राने भरलेले रसायन मिसळले गेले. चाचणी नत्राची, त्यामुळे दूध कसोटीला उतरत होते. लाखो बालके आजारी पडली आणि काही दगावली. नत्र म्हणजे प्रथिन नव्हे, हे वाक्य परीक्षेत एका गुणाचे असेल, पण एखाद्या बाळाच्या दृष्टीने ते जीवनमरणाचे ठरू शकते.

वर्ष संपता संपता रामन यांची खात्री पटली. कमलाबाईंना नियमित प्रवेश मिळाला आणि त्यानंतर संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले. १९४० मध्ये ॲना मणी रामन यांच्याच प्रयोगशाळेत दाखल झाल्या आणि त्यांनी हिऱ्यांच्या वर्णपटावर काम केले. दार उघडले म्हणजे सगळे मिळाले असे नाही. ॲना मणींनी प्रबंध लिहिला, पण एम.एस्सी. नसल्याचे कारण देऊन त्यांना पीएच.डी. नाकारण्यात आली. कमलाबाईंनी मात्र बंगळूरच्या कामावर १९३६ साली मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. विशेष प्रावीण्यासह मिळवली.

पुढची वाट केंब्रिजची. तेथे सर फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स यांची जीवरसायनशास्त्राची प्रयोगशाळा जगभर गाजलेली होती. शरीराला नुसती प्रथिने, मेद आणि पिष्ट पुरत नाहीत, आणखी काही द्रव्ये अत्यल्प प्रमाणात लागतात हे दाखवणाऱ्यांपैकी ते एक. त्यांनाच आपण आज जीवनसत्त्वे म्हणतो. या कामासाठी त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हॉपकिन्स यांची दुसरी ख्याती अशी की, त्यांच्या प्रयोगशाळेत स्त्रियांना जागा होती. पुढे १९४५ साली रॉयल सोसायटीवर ज्या पहिल्या दोन स्त्रिया निवडून आल्या त्यांतल्या मार्जरी स्टीफन्सन याच प्रयोगशाळेतल्या.

कमलाबाई १९३७ साली तेथे पोहोचल्या तेव्हा प्रयोगशाळेत एकही टेबल रिकामे नव्हते. रसायनशास्त्राच्या संशोधनात टेबलाला फार महत्त्व. तुमची उपकरणे, तुमच्या कुप्या, अर्धवट राहिलेला प्रयोग, सगळे तेथेच असते. टेबल नाही म्हणजे काम नाही. तेव्हा डॉ. डेरेक रिक्टर पुढे झाले. त्यांनी आपले टेबल दिवसा कमलाबाईंना देऊ केले आणि स्वतः रात्री काम करायचे मान्य केले.

चारच वर्षांपूर्वी बंगळूरला प्रवेश देताना कमलाबाईंना रात्रीच्या कामाची अट घातली गेली होती. येथे एका परक्या माणसाने ती रात्र स्वतःकडे घेतली. प्रयोगशाळेचे वातावरण बिघडले नाही, असे आम्ही हसत हसत नोंदवतो.

रिक्टर यांच्याबरोबर त्यांनी प्राण्यांच्या शरीरातील विकरांवर, म्हणजे एन्झाइमांवर काम केले. ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचे शरीरात ऑक्सिडीकरण कसे होते हा विषय होता आणि १९३८ साली दोघांच्या नावाने त्यावर निबंध प्रसिद्ध झाला. नंतर रिक्टर दुसरीकडे गेले आणि कमलाबाई डॉ. रॉबिन हिल यांच्याकडे काम करू लागल्या. प्रकाशसंश्लेषणाच्या धड्यात हिल अभिक्रिया येते, तेच हे हिल.

हिल यांच्याकडे कमलाबाईंनी हातात घेतला तो बटाटा.

आपण श्वास घेतो, ऑक्सिजन रक्तातून पेशीपर्यंत जातो. पण खरे ज्वलन, म्हणजे अन्नातून ऊर्जा मोकळी होण्याची क्रिया, पेशीच्या आत चालते. तेथे अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एका हातातून दुसऱ्या हातात देत शेवटी ऑक्सिजनपर्यंत पोहोचवले जातात. विहिरीवरून घरापर्यंत माणसांची रांग लावून बादल्या पुढे सरकवाव्यात तसे. या रांगेतली काही माणसे म्हणजे सायटोक्रोम नावाची लोहयुक्त, रंगीत प्रथिने. केंब्रिजच्याच डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली त्यांना हे नाव दिले. प्राण्यांच्या स्नायूंत आणि यीस्टमध्ये ती स्पष्ट दिसत होती. वनस्पतींचे काय? हिरव्या पानात हरितद्रव्याचा रंग इतका गडद की त्यापुढे सायटोक्रोमचा फिकट रंग शोधणे फार कठीण. बटाट्यात ती अडचण नाही, कारण तो जमिनीखाली वाढतो आणि त्यात हिरवा रंग नसतो. बटाट्याच्या पेशींवर काम करताना कमलाबाईंना सायटोक्रोम सी सापडले, आणि वनस्पतींच्या पेशीही आपल्यासारख्याच याच साखळीने श्वसन करतात हे स्पष्ट होत गेले. १९३९ साली हिल आणि भागवत यांच्या नावाने नेचर या नियतकालिकात सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजविषयी टिपण आले.

येथे एक दुरुस्ती करायला हवी. कमलाबाईंवरील बऱ्याच लेखांत सायटोक्रोम सी हे विकर असल्याचे लिहिलेले आढळते. आमच्या विद्यार्थ्यांनी तसे लिहू नये. सायटोक्रोम सी हे इलेक्ट्रॉन वाहून नेणारे प्रथिन आहे. ते इलेक्ट्रॉन त्याच्याकडून घेऊन ऑक्सिजनला देणारे विकर म्हणजे सायटोक्रोम ऑक्सिडेज. रांगेत दोघे शेजारी उभे असतात, पण कामे वेगळी.

या कामावर त्यांनी केंब्रिजला पीएच.डी.चा प्रबंध सादर केला. काम सुरू केल्यापासून तो लिहून होईपर्यंत त्यांना सुमारे चौदा महिने लागले. प्रबंधाची पाने अवघी चाळीस. जाडजूड प्रबंधांची सवय असलेल्यांना हे चमत्कारिक वाटले असणार. आमच्या अनुभवात विद्यार्थी प्रकल्पाची वही जाड व्हावी म्हणून रुंद समास सोडतात, मोठ्या अक्षरात लिहितात आणि दर पानावर चित्र चिकटवतात. पालकही कधी कधी मदत करतात. त्यांच्यासाठी हा चाळीसचा आकडा येथे मुद्दाम देत आहोत.

१९३९ साली पदवी मिळाली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला अशी त्यांची ओळख करून दिली जाते. आम्ही पहिल्या हा शब्द जरा जपून वापरतो, कारण वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट १९३१ सालीच मिळालेली होती. कमलाबाईंचे मोठेपण क्रमांकावर अवलंबून नाही. आणखी एक गोष्ट विसरली जाते. ज्या केंब्रिजचे आपण कौतुक करतो, त्या विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण सदस्यत्वासह पदवी देण्यास सुरुवात केली ती १९४८ साली. तोपर्यंत स्त्रियांची पदवी नावापुरती असे. परीक्षा तीच, काम तेच, पण विद्यापीठाच्या कारभारात मत नाही. म्हणजे भेदभाव बंगळूरलाच होता असे नव्हे. केंब्रिजला तो नियमांच्या पुस्तकात होता, आणि हॉपकिन्स व रिक्टर यांच्यासारखी माणसे प्रयोगशाळेपुरता तो बाजूला ठेवत होती.

परदेशात राहण्याची वाट मोकळी असूनही त्या १९३९ मध्ये भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. नंतर निलगिरीतल्या कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले. हीच प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. कुन्नूरला काम होते, पण वर जाण्याची वाट दिसत नव्हती. १९४७ साली श्री. माधव सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ते विमागणिती होते. कमलाबाई मुंबईला आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. त्यांच्या आयुष्यातला सर्वांत फलदायी काळ येथून सुरू होतो, आणि तो थेट आपल्या स्वयंपाकघरात येऊन पोहोचतो.

आपल्याकडे वाल आणि पावटे कधी कच्चे खात नाहीत. रात्री भिजत घालायचे, सकाळी फडक्यात बांधून ठेवायचे, मोड आले की सोलायचे आणि मग डाळिंब्यांची उसळ करायची. आजीला विचारले तर ती सांगते की नाहीतर वाल बाधतात. हे का बाधतात? आपल्या स्वादुपिंडातून ट्रिप्सिन नावाचे विकर पाझरते आणि ते आतड्यात प्रथिनांचे तुकडे करते. ते झाले नाही तर खाल्लेले प्रथिन अंगी लागत नाही. आणि अनेक कडधान्यांत ट्रिप्सिनलाच अडवून धरणारे एक प्रथिन असते. ते ट्रिप्सिनच्या काम करण्याच्या जागी, कुलपात चुकीची किल्ली अडकावी, तसे जाऊन बसते. बी स्वतःचे रक्षण करण्यासाठी ही सोय करून ठेवते असे मानले जाते. म्हणजे प्रथिनांनी भरलेल्या दाण्यातच प्रथिने पचू न देणारे द्रव्य!

अमेरिकेत मोझेस कुनिट्झ यांनी १९४५ साली सोयाबीनमधून असे रोधक द्रव्य स्फटिकरूपात वेगळे केले होते. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे शोधकाम आपल्या बाजारात मिळणाऱ्या भाज्या आणि कडधान्यांवर सुरू केले. १९५४ पासून भारतीय अन्नपदार्थांतील ट्रिप्सिन-रोधकांवरील त्यांचे निबंध प्रसिद्ध होऊ लागले, आणि १९५५ साली वाल व डबल बीन यांतून असे रोधक स्फटिकरूपात वेगळे केल्याचे वृत्त नेचरमध्ये आले. प्रथिनाचे स्फटिक मिळवणे हे चिकाटीचे काम. द्रावण जरा जास्त आम्ल झाले, जरा गरम झाले, की हाती चिखल येतो.

हे रोधक ओलसर उष्णतेने, म्हणजे नीट शिजवल्याने बऱ्याच अंशी निकामी होतात. भिजवण्याने आणि मोड आणण्यानेही त्यांचे प्रमाण कमी होते. आजीचा अनुभव खरा होता. तो का खरा होता हे कमलाबाईंसारख्यांनी दाखवले. आमच्या मते दोन्हींचा मान सारखाच आहे, मात्र दोन्ही एकच आहेत असे समजू नये. नुसत्या अनुभवाने वाल कसा शिजवायचा ते कळते. कारण कळले की मग जी कडधान्ये आजीने कधी पाहिलीही नाहीत त्यांचे काय करायचे तेही सांगता येते.

दुसरे मोठे काम नीरेवरचे. ताडामाडाच्या झाडाचा पहाटे काढलेला ताजा रस म्हणजे नीरा. ऊन चढले की तो आंबतो आणि त्याची ताडी होते. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचा पोषणाच्या दृष्टीने अभ्यास केला. नीरेत आणि तिच्यापासून केलेल्या गुळात जीवनसत्त्वे आणि लोह चांगल्या प्रमाणात असल्याचे त्यांना आढळले. नंतर आदिवासी भागातली कुपोषित मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश केला असता प्रकृती सुधारल्याचेही दिसून आले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. नीरा महाग नाही, परदेशातून आणावी लागत नाही. बंगळूरच्या डाळी, मुंबईचे वाल, ही नीरा, सगळे गरिबाच्या ताटातले किंवा त्याला परवडणारे. महागडे औषध शोधण्याचे आकर्षण त्यांना कधी वाटले नसावे. मुंबईच्या आरे दुग्ध प्रकल्पालाही दुधाच्या गुणवत्तेबाबत त्यांनी सल्ला दिला.

एवढे सगळे होऊनही संस्थेच्या संचालकपदाची वेळ आली तेव्हा पुन्हा तोच अनुभव आला. ज्येष्ठता होती, काम होते, तरी अंतर्गत राजकारणामुळे चार वर्षे ते पद त्यांच्यापासून दूर ठेवले गेले. १९३३ साली बावीस वर्षांच्या मुलीला दारात थांबवले गेले, तेव्हा ती कोणी नव्हती. आता केंब्रिजची पदवी, नेचरमधले निबंध, राष्ट्रपतींचा पुरस्कार हे सगळे हातात होते आणि तरी थांबावे लागले. शेवटी त्या संचालक झाल्या. या वेळी सत्याग्रह करावा लागला नाही, पण चार वर्षे गेली ती गेलीच. एवढ्या मोठ्या विज्ञान संस्थेच्या प्रमुखपदी तेव्हा स्त्री असणे ही अपूर्वाईची गोष्ट होती.

निवृत्तीनंतर त्या घरी बसल्या नाहीत. १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहकांची संस्था स्थापन केली होती. तिच्या कामात कमलाबाईंनी मोठा भाग घेतला आणि १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्ष झाल्या. संस्थेच्या कीमत या नियतकालिकात त्या भेसळीविषयी आणि ग्राहकाच्या सुरक्षेविषयी लिहीत. बायोकेमिकल जर्नलमध्ये लिहिणारी लेखणी आता बाजारातल्या वस्तूंविषयी गृहिणींना समजेल अशा भाषेत लिहू लागली. आम्हा शिक्षकांना हे विशेष वाटते, कारण अवघड विषय सोपा करून सांगणे हे अवघड काम आहे, आणि नावाजलेली माणसे ते सहसा अंगावर घेत नाहीत.

मराठीत त्यांनी आहार-गाथा हे पुस्तक लिहिले. गंमत अशी की दुर्गाबाईंनीही खमंग नावाचे पाककृतींचे पुस्तक लिहिले. एक बहीण लोकसाहित्याची आणि बौद्ध वाङ्मयाची अभ्यासक, दुसरी जीवरसायनशास्त्राची, आणि दोघींची पुस्तके स्वयंपाकघरात शेजारी शेजारी ठेवता येतात. दोघींच्या स्वभावातही एक सारखेपणा होता. १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनात, आणीबाणीच्या काळात, अध्यक्षपदावरून दुर्गाबाईंनी सत्तेपुढे मान तुकवायला नकार दिला, हे सर्वांना ठाऊक आहे. धाकट्या बहिणीने बंगळूरच्या एका कार्यालयासमोर तसाच नकार त्याआधी बेचाळीस वर्षे दिला होता.

१९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत कमलाबाईंचा सत्कार आयोजित केला. वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षाच्या आसपास त्या त्यासाठी मुंबईहून दिल्लीला गेल्या. समारंभ चालू असतानाच त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कामाची चव घ्यायची असेल तर घरी एक साधा प्रयोग करता येईल. मूठभर वाल रात्री भिजत घाला, फडक्यात बांधा आणि रोज सकाळी पाहून वहीत नोंद करा. किती तासांनी फुगले, किती तासांनी मोड आला, साल केव्हा सुटू लागले. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात आकडे वेगळे येतील. वह्या पुढच्या महिन्यात प्रयोगशाळेत आणून द्याव्यात. मुलांनीही आणाव्यात, आणि डाळिंब्या सोलायच्या कामातही त्यांनी बसावे.